कीबलची पंगत : ऑक्सफर्डमधले पाच दिवस

दिवस पहिला, ३० एप्रिल

भाचीला संशोधनासाठी प्रवेश मिळाला तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या कानात 'ऑक्सफर्ड' एवढंच शिरलं. माझ्या कानात शिरलं ते पुढचं नाव, कीबल. मी पुण्यात गुरुवार पेठेत वाढले. आमच्या वाड्याच्या गच्चीतून पंचहौद मिशनच्या देवळाचा उंच मनोरा दिसायचा. रविवारी सकाळी तिथल्या घंटा सुरू झाल्या की आजी म्हणायची, "उठा, मिशनच्या घंटा झाल्या." देऊळ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. मिशनच्या आवारात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी चर्चला देऊळच म्हणत, आणि त्याचं नावही 'पवित्र नाम देवालय'. हे पाद्री आपल्या पेठेत कुठून आले आणि का आले, याचा माग काढताना मी बऱ्याच वर्षांपूर्वी ऑक्सफर्डच्या एका चळवळीपर्यंत आणि जॉन कीबल या नावापर्यंत पोचले होते. आता त्या नावाच्या कॉलेजात आमच्या घरातली मुलगी शिकत होती. जायचंच होतं.

लंडनहून बस दुपारी पोचली. भाचीने काउली रोडवर एका घरात माझ्यासाठी खोली घेऊन ठेवली होती. सामान टाकलं आणि तिला म्हटलं, आधी कॉलेज दाखव.

ऑक्सफर्ड हे गाव दगडाचं आहे, मधाच्या रंगाच्या दगडाचं. एकामागून एक कॉलेजं, सगळी त्याच रंगाची, उन्हात तापलेली. ते बघत बघत पार्क्स रोडला वळलो आणि रंग एकदम बदलला. समोर विटा. लाल विटांत पांढऱ्या आणि निळसर काळ्या विटांचे आडवे पट्टे, मध्येच चौकटी, मध्येच नागमोडी नक्षी. लहानपणी लग्नघरात अंथरलेल्या सतरंज्या आठवल्या. कोणीतरी त्या उभ्या करून त्यांच्या भिंती केल्या आहेत असं वाटलं. "हेच," भाची म्हणाली. "इथले लोक दीडशे वर्षं याला नावं ठेवतायत. शेजारच्या सेंट जॉन्समध्ये म्हणे एक मंडळच होतं, कीबलची एक वीट काढून आणली की सभासदत्व मिळायचं."

मला ते पहिल्याच नजरेत आवडलं. दगडाची ऐट परवडत नाही म्हणून विटा घ्यायच्या, आणि घेतल्या की त्या जीव ओतून रचायच्या, यात मला एक सच्चेपणा दिसला. आत जायचा बेत परवासाठी राखून आम्ही परतलो. उद्या पहाटे चारला उठायचं होतं.

दिवस दुसरा, १ मे

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी सकाळी सहा वाजता मॉडलिन कॉलेजच्या मनोऱ्यावरून तिथली गायकमुलं लॅटिन स्तोत्र गातात. ते ऐकायला सगळं गाव पुलाजवळ जमतं. आम्ही साडेपाचला पोचलो तेव्हा रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रभर न झोपलेली मुलं, खांद्यावर बाळं घेतलेले बाप, फुलांचे मुकुट घातलेल्या म्हाताऱ्या बायका. सहाचे ठोके पडले आणि हजारो माणसं गप्प झाली. वरून आवाज आला तो इतका बारीक आणि दुरून की श्वास रोखून ऐकावा लागला. मग प्रार्थना झाली, मग घंटांचा कल्लोळ, आणि मग रस्तोरस्ती पायात घुंगरू बांधून नाचणारे लोक. पाऊस भुरभुरत होता. पालखीच्या दिवशी लक्ष्मी रोडला उभं राहावं तसं मला वाटत होतं: कुणाची कुणाशी ओळख नाही, पण सगळे एकाच गोष्टीसाठी उठून आलेले.

गरम चहा घेऊन आम्ही हाय स्ट्रीटवरच्या सेंट मेरीज चर्चला गेलो. हे विद्यापीठाचं चर्च. इथे एका खांबाला खाच आहे. थॉमस क्रॅनमर या आर्चबिशपला जिथे उभं केलं, त्या फळ्यांसाठी ती केली होती. इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक ज्याने इंग्रजीत आणलं, त्याच माणसाला रोमन कॅथलिक राणी मेरीच्या काळात, २१ मार्च १५५६ रोजी, जवळच ब्रॉड स्ट्रीटवर जाळलं. रस्त्यात त्या जागी दगडांत क्रूस बसवला आहे. त्यावरून सायकली जातात.

त्याच चर्चमध्ये १४ जुलै १८३३ रोजी जॉन कीबल यांनी न्यायाधीशांसमोर प्रवचन दिलं. निमित्त राजकीय होतं. सरकार आयर्लंडमधल्या दहा बिशपांच्या जागा रद्द करायला निघालं होतं. कीबल यांचं म्हणणं असं की चर्च हे सरकारचं खातं नव्हे. त्याचा अधिकार थेट प्रेषितांपासून चालत आलेला आहे, पार्लमेंटने त्यात हात घालू नये. आज वाचताना ते प्रवचन तसं कोरडं वाटतं. पण या चर्चचे तेव्हाचे व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री, जॉन हेन्री न्यूमन यांनी पुढे सांगितलं की चळवळीचा पहिला दिवस आपण तोच मानतो. न्यूमन, कीबल, हिब्रूचे प्राध्यापक पुसी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८३३ ते १८४१ या काळात नव्वद पत्रकं काढली. म्हणून त्यांना 'ट्रॅक्टेरियन' म्हणतात. जुने विधी, उपवास, पापनिवेदन, रोजची प्रार्थना, साधूंचे मठ, जे जे इंग्लंडच्या चर्चने तीनशे वर्षांत मागे टाकलं होतं ते ते परत आणायला हवं, असा त्यांचा आग्रह.

विरोधही तसाच झाला. सेंट जाइल्स या रस्त्याच्या तोंडाशी क्रॅनमर आणि त्याच्या दोन साथीदारांचं उंच स्मारक आहे. ते १८४० च्या सुमारास उभं राहिलं ते बरंचसं या मंडळींना बजावण्यासाठी, की आपलं चर्च रोमपासून तोडताना कोणी प्राण दिले हे विसरू नका. न्यूमन १८४५ मध्ये खरोखरच रोमन कॅथलिक झाले. कीबल मात्र राहिले. ते तोवर हॅम्पशरमधल्या हर्सली या खेड्याचे व्हिकर होते. तीस वर्षं त्यांनी तिथेच काढली, लोकांची बारशी आणि अंत्यविधी करत. त्यांच्या कवितांचं पुस्तक घरोघरी खपलं आणि त्या पैशातून त्यांनी गावचं चर्च नव्याने बांधलं.

मला चळवळीतल्या माणसांत हेच सगळ्यांत जवळचे वाटतात. न्यूमनची बुद्धी मोठी, पुसींची विद्वत्ता मोठी. पण एक गाव धरून राहणं ही वेगळीच ताकद आहे. १८६६ मध्ये ते वारले तेव्हा मित्रांनी ठरवलं की त्यांचं स्मारक म्हणून कॉलेज काढायचं.

दुपारी पाय इतके दुखत होते की मी खोलीवर येऊन झोपून गेले.

दिवस तिसरा, २ मे

आजचा सगळा दिवस कीबलचा.

ऑक्सफर्डची व्यवस्था आपल्याला जरा समजून घ्यावी लागते. परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. पण राहणं, जेवणं, शिक्षकासमोर बसून दर आठवड्याला निबंध वाचणं हे सगळं कॉलेजात. मुलगा विद्यापीठाचा होतो तो कॉलेजच्या दारातून. आणि ही दारं शतकानुशतकं फक्त इंग्लंडच्या चर्चच्या माणसांना उघडी होती. नाव घालतानाच चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी ती अट १८५४ मध्ये गेली, आणि १८७१ च्या कायद्याने जवळपास सगळ्याच पदव्यांची आणि पदांची उरलीसुरली बंधनं गेली. कीबल कॉलेजला सनद मिळाली १८७० मध्ये. म्हणजे विद्यापीठ सगळ्यांना खुलं होत असताना ही मंडळी मुद्दाम चर्चचं असं नवं कॉलेज काढत होती. काहींना तो उलटा प्रवास वाटला. मलाही आधी वाटत होता.

पण त्याला दुसरी बाजू आहे, आणि ती मला आज आत फिरताना नीट उमगली. तेव्हाचं ऑक्सफर्ड श्रीमंतांच्या मुलांचं होतं. मुलं आपापल्या खोलीत फर्निचर स्वतः आणायची, नाश्ते आणि जेवणं खोलीत मागवायची, मित्रांना मेजवान्या द्यायची, आणि बिलं घरी जायची. खेड्यातल्या पाद्र्याच्या मुलाला हे झेपणं शक्य नव्हतं. कीबलमध्ये त्यांनी ठरवलं की खोल्यांत सामान कॉलेजचं असेल, सगळ्यांना सारखं. जेवण खोलीत मिळणार नाही. सगळे हॉलमध्ये बसून एकच जेवण जेवतील. खोल्यासुद्धा जुन्या कॉलेजांसारख्या वेगवेगळ्या जिन्यांवर न ठेवता लांब व्हरांड्यांच्या दोन्ही बाजूंना ओळीने बांधल्या. त्यात खर्च कमी, आणि मुलांवर लक्षही राहतं. भाचीने मला असा एक व्हरांडा दाखवला. अगदी आपल्या चाळीसारखा. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल.

कॉलेजचं बोधवाक्य कळलं तेव्हा मी थांबलेच. 'साधी राहणी, उच्च विचारसरणी.' वर्ड्सवर्थ कवीचे शब्द. पुण्यात आमच्या शाळेच्या भिंतीवर तेच होतं, फळ्याच्या वर, आणि मला आजवर वाटत होतं की ते आपल्याकडचंच आहे.

वास्तुविशारद विल्यम बटरफील्ड. कडक, धार्मिक, अविवाहित, कोणाचं न ऐकणारा. पायाचा दगड २५ एप्रिल १८६८ रोजी कँटरबरीच्या आर्चबिशपनी बसवला. २५ एप्रिल हा सेंट मार्कचा दिवस आणि कीबल यांचा जन्मदिवसही. बटरफील्डचं काम मी आधी मुंबईत पाहिलं होतं. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधली फरशी, जाळ्या, वेदीमागची भिंत त्याने केली आहे. तिथे ती नक्षी थोडकी आहे. इथे त्याला अख्खं कॉलेज मिळालं. पहिलं अंगण लिडन क्वाड, हिरवळ खोल खाली उतरलेली, जणू मोठं कोरडं कुंड. पलीकडे पुसी क्वाड. वरच्या मजल्यांकडे नजर नेली की पट्टे दाट होत जातात.

पैसे उभे राहिले ते देशभरच्या वर्गणीतून. चॅपल, म्हणजे कॉलेजचं प्रार्थनामंदिर, मात्र एकट्या विल्यम गिब्स यांच्या देणगीतून झालं. गिब्स घराण्याची संपत्ती ग्वानोची, म्हणजे पेरूच्या बेटांवर साठलेल्या समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेची, जी युरोपात खत म्हणून विकली जाई. ती खणणाऱ्यांत करारावर नेलेले हजारो चिनी मजूर होते आणि त्यांचे हाल भयंकर होते. चॅपलच्या सोनेरी मोझेकखाली उभी असताना ते मजूर माझ्या डोक्यातून जात नव्हते. गिब्स स्वतः भाविक होते, दानशूर होते, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

चॅपल १८७६ मध्ये पुरं झालं, तेही २५ एप्रिललाच. आत शिरल्यावर आधी उंची अंगावर येते. मग भिंतींवर नोहा, अब्राहाम, योसेफ, मोशे, एकेकाची गोष्ट मोझेकमध्ये. ऑक्सफर्डच्या इतर चॅपलांत बाकं समोरासमोर असतात, मुलं एकमेकांकडे तोंड करून बसतात. इथे सगळी बाकं पूर्वेकडे, वेदीकडे तोंड करून. गावच्या चर्चमध्ये असतात तशी. हर्सलीच्या व्हिकरच्या नावाने बांधलेल्या जागी हे बरोबरच वाटलं.

बाजूच्या छोट्या चॅपलमध्ये एकच चित्र आहे, होल्मन हंट यांचं 'जगाचा प्रकाश'. १८५० च्या दशकातलं. भाचीने बटण दाबलं आणि अंधारातून ते वर आलं. रात्रीची बाग, हातात कंदील घेतलेला ख्रिस्त, आणि एक बंद दार, वेलींनी गुरफटलेलं. दाराला बाहेरून कडी नाही. आतल्या माणसानेच उघडायचं. याच्या स्वस्त छापील प्रती मी पंचहौदच्या मैत्रिणींच्या घरी पाहिल्या होत्या, कॅलेंडरवर, काचेत, एकदा तर डब्याच्या झाकणावर. मूळ चित्र एवढं हिरवं आहे हे मला माहीतच नव्हतं. सगळी हिरवी चांदणी रात्र, आणि कंदिलाचा उजेड पायाशी पडलेल्या सफरचंदांवर.

हे चित्र विद्यापीठ छापखान्याचे प्रमुख थॉमस कूम्ब यांच्या पत्नीने कॉलेजला दिलं. बटरफील्डला ते आपल्या चॅपलमध्ये नकोच होतं, म्हणून ते काही वर्षं दुसरीकडे राहिलं आणि १८९० च्या दशकात त्यासाठी ही बाजूची खोली बांधली. कॉलेज ते पाहायला पैसे घेतं हे हंट यांना आवडलं नाही. म्हातारपणी त्यांनी तेच चित्र आणखी मोठं करून काढलं. ते साम्राज्यातल्या अनेक देशांत फिरवून आणलं आणि आता लंडनच्या सेंट पॉल्समध्ये आहे. आम्ही त्या खोलीत बराच वेळ बसलो. दिवा दोनदा विझला, दोनदा लावला.

संध्याकाळी फॉर्मल हॉल, म्हणजे गाऊन घालून जेवायचं औपचारिक जेवण. भाचीने मला पाहुणी म्हणून नाव दिलं होतं. मी जांभळी नारायणपेठ नेसले. हॉल पाहून शब्द सुचेना. ऑक्सफर्डमधला सगळ्यांत लांब हॉल असा कॉलेजचा अभिमान. लाकडी टेबलांच्या रांगा या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यावर छोटे दिवे, आणि अडीच-तीनशे मुलं काळ्या गाऊनमध्ये खांद्याला खांदा लावून. पंगतच. हातोडा आपटल्याचा आवाज झाला, सगळे उभे राहिले, प्राध्यापक वरच्या टेबलाकडे गेले, आणि कोणीतरी लॅटिनमध्ये जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. अर्ध्या मिनिटाची. मुलांना त्यातलं किती कळतं, असं मी भाचीला विचारलं. "आमेन कळतं," ती म्हणाली. "पण ते म्हटल्याशिवाय कोणी चमचा उचलत नाही."

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात श्लोक म्हटल्याशिवाय पानाला हात लावता येत नसे. आम्हालाही त्यातल्या अर्ध्या शब्दांचा अर्थ माहीत नव्हता.

माझ्यासमोर एक नायजेरियन मुलगा होता, त्याच्या शेजारी वेल्समधली मुलगी, दोघांनाही चर्चशी फारसं देणंघेणं नव्हतं. मी त्यांना विचारलं, मग या प्रार्थनेचं, या गाऊनचं काय? मुलगी म्हणाली, तिच्या घरात विद्यापीठात आलेली ती पहिलीच. पहिल्या रात्री या हॉलमध्ये शिरताना तिला रडू येत होतं, पण गाऊन सगळ्यांचा सारखाच होता. तिचं बोलणं ऐकताना मला त्या खेड्यातल्या पाद्र्यांच्या मुलांची आठवण झाली. १८७० मध्ये पहिल्या तुकडीत तीसेक होते. त्यांचे पहिले वॉर्डन, म्हणजे कॉलेजचे प्रमुख, एडवर्ड टॅल्बट फक्त सव्वीस वर्षांचे. याच टॅल्बटनी पुढे मुलींसाठी लेडी मार्गारेट हॉल काढण्यात पुढाकार घेतला, आणि १८७९ मध्ये तिथे पहिल्या विद्यार्थिनी आल्या. त्यांच्या स्वतःच्या कीबलमध्ये मुली यायला मात्र १९७९ उजाडलं. पूर्ण शंभर वर्षं.

कारभाराचंही तसंच. सुरुवातीला सूत्रं बाहेरच्या कौन्सिलच्या हाती होती, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या डोक्यावर चर्चची विश्वासू मंडळी. इतर कॉलेजांसारखा पूर्ण दर्जा मिळायला १९५२ लागलं. आता धर्माची अट कोणालाच नाही. चॅपल आहे, चॅप्लेन आहे, गायकवृंद आहे, ज्याला यायचं त्याने यावं.

दिवस चौथा, ३ मे, रविवार

सकाळी चालत काउलीकडे. माझ्या खोलीपासून दहा मिनिटं. रिचर्ड म्यू बेन्सन हे इथले व्हिकर, पुसींचे शिष्य. त्यांना हिंदुस्थानात मिशनरी म्हणून जायचं होतं. शहर या बाजूला वाढतंय, तुमची गरज इथेच आहे, असं बिशप विल्बरफोर्स यांनी सांगितलं म्हणून ते राहिले. १८६६ मध्ये, म्हणजे कीबल वारले त्याच वर्षी, त्यांनी इथे संन्याशांचा संघ स्थापन केला. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन अशी व्रतं घेणारे इंग्लंडच्या चर्चचे पुरुष, हे त्या लोकांनी तीनशे वर्षांत पाहिलं नव्हतं. सेंट जॉनचा संघ हे त्यांचं नाव; लोक त्यांना काउली फादर म्हणत. १८७४ मध्ये ते मुंबईला आले आणि पुढे पुण्याला. पंचहौदचे पाद्री ते हेच.

इफ्ली रोडवर त्यांचं चर्च आहे, बॉडली या वास्तुविशारदाने बांधलेलं. आत सगळं पांढरं आणि शांत, कीबलच्या अगदी उलट. १९८० पासून या इमारतींत सेंट स्टीफन्स हाउस हे पाद्र्यांना शिक्षण देणारं महाविद्यालय आहे. आम्ही गेलो तेव्हा कोणी पियानो लावत होतं, एकच सूर पुन्हा पुन्हा. मी मागच्या बाकावर बसले. इथून उठून माणसं आमच्या पेठेत आली, हौदांच्या शेजारी राहिली, मराठी शिकली.

आणि उलट दिशेनेही एक माणूस आला. नीळकंठशास्त्री गोरे. चित्पावन घराणं, जन्म १८२५ चा, झाशीजवळचा. वाढले काशीत, शास्त्रं पढून पंडित झाले. पाद्र्यांशी वाद घालायला गेले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला, नेहेम्या गोरे झाले. पहिल्यांदा इंग्लंडला आले तेव्हा लंडनमधले ख्रिस्ती लोक पाहून त्यांची फार निराशा झाली, अशी आठवण मॅक्समुल्लर यांनी लिहून ठेवली आहे. १८७६ मध्ये ते पुन्हा आले, काउलीला, या संघात नवशिके म्हणून. अखेरचं व्रत त्यांनी कधी घेतलं नाही. १८९५ मध्ये मुंबईत वारले तेव्हाही ते नवशिकेच होते. शास्त्रीबुवा इथल्या थंडीत पहाटेच्या प्रार्थनेला कसे उठत असतील, या विचाराने मला गलबलून आलं. घरच्यांनी टाकलेला माणूस. ज्यांच्यात आला त्यांच्यातही पुरता न मिसळलेला.

संध्याकाळी कीबलमध्ये सायंप्रार्थना. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, आत रंगीत काचांतून आलेला उजेड. तीस-चाळीस माणसं. बरीच मुलं, चार-पाच म्हातारी जोडपी, आम्ही दोघी. प्रार्थनापुस्तक १६६२ चं. स्तोत्र, वाचन, मरियेचं गीत, पुन्हा वाचन, मग म्हाताऱ्या शिमोनाचं गीत: आता मला शांतीने जाऊ दे. गायकमुलं भाचीच्याच वयाची. त्यातला एक काल जेवताना माझ्या पलीकडे बसून मीठ मागत होता. आज तोच गात होता आणि त्याचा आवाज त्या उंच छतापर्यंत जाऊन परत येत होता. मी ख्रिस्ती नाही. पण पंचहौदच्या घंटा ऐकत वाढलेल्या मुलीला ही प्रार्थना परकी वाटली असं मी म्हणू शकत नाही.

बाहेर पडल्यावर समोर विद्यापीठाचं निसर्ग-इतिहास संग्रहालय. १८६० मध्ये डार्विनच्या सिद्धांतावरून बिशप विल्बरफोर्स आणि डार्विनचे पाठीराखे शास्त्रज्ञ हक्स्ली यांची गाजलेली चकमक तिथे झाली, बेन्सनना थांबवून घेणारे तेच विल्बरफोर्स. दहा वर्षांत त्याच्या बरोबर समोर कीबल उभं राहिलं. आणि १८८९ मध्ये कीबलशी जोडलेल्या टॅल्बट वगैरे तरुण पंडितांनीच चार्ल्स गोर यांच्या संपादनाखाली निबंधसंग्रह काढून म्हटलं की उत्क्रांती मानूनही विश्वास ठेवता येतो. जुन्या ट्रॅक्टेरियन मंडळींना ते फार लागलं. रस्ता तेवढाच रुंद राहिला, पण पलीकडे जाणं सोपं झालं.

दिवस पाचवा, ४ मे

आज वाँटेज. ऑक्सफर्डहून नैऋत्येला, बसने तासाभराचा रस्ता, मोहरीसारख्या पिवळ्या शेतांमधून. छोटं बाजारपेठेचं गाव, चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा. इथले व्हिकर बटलर हेही त्याच चळवळीतले. त्यांनी १८४८ मध्ये सिस्टरांचा संघ काढला आणि त्या सिस्टर १८७७ पासून पुण्यात काम करत होत्या. त्यांच्याच ओळखीने १८८३ मध्ये पंडिता रमाबाई इथे आल्या, लहानगी मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांच्यासह. आनंदीबाईंनी इथेच आयुष्य संपवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. गोरेशास्त्रींचं लिखाण वाचून आपली बौद्धिक खात्री पटली, असं रमाबाईंनी पुढे लिहिलं आहे. लंडनमध्ये फुलम इथे याच सिस्टर वाट चुकलेल्या बायकांना मायेने सांभाळतात हे पाहून त्यांच्या मनावर फार परिणाम झाला. त्यांनी पुढे काढलेल्या मुक्ती सदनाचं बीज तिथे आहे.

मठाची इमारत आम्ही बाहेरून पाहिली. भिंतीला लागून चालत गेलो आणि मी भाचीला रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्या पत्रांबद्दल सांगत होते. ती पत्रं छापलेली आहेत, कोणीही वाचावीत. रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या. सिस्टरना त्यात जुन्या जातीचा गर्व दिसे. रमाबाईंनी स्पष्ट कळवलं की मी माझ्या लोकांच्या चालीरीती, जिथे त्यात वाईट काही नाही तिथे, सोडणार नाही. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांवरूनही वाद झाला. लॅटिन मला कळत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही कळत नाही, मग संस्कृत का नको, हा त्यांचा सवाल. चर्चने सांगितलेला प्रत्येक सिद्धांत डोळे मिटून मानायलाही त्यांनी नकार दिला. पंचविशीतली विधवा, परक्या देशात, त्यांच्याच घरी, त्यांचंच अन्न खात, आणि इतकी ताठ.

भाची बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, हॉलमध्ये पहिल्या आठवड्यात मी शाकाहारी आहे हे सांगायला मला लाज वाटत होती."

तिला मी पंचहौदची दुसरी गोष्ट सांगितली. १८९० मध्ये मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्यातली मोठी माणसं जमली, न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि इतर. तिथे चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात घेतला. गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. हे गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान. त्या आनंदीबाईंच्या पदवीदानाला रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या होत्या. मग शंकराचार्यांकडे तक्रार, चौकशी, बहिष्कार. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, आणि सुधारकांनी त्यांना त्याबद्दल दोष दिला. एका कपावरून शहर दोन वर्षं धुमसत होतं. माझ्या आजीच्या सासूबाई त्या मिशनच्या भिंतीला लागून राहायच्या आणि आयुष्यात त्या फाटकातून आत गेल्या नाहीत. आजी गेली, पण पाणी प्यायली नाही. आई पाणी प्यायली. मी तिथल्या मैत्रिणींच्या घरी नाताळात पोटभर जेवले आहे.

"आणि मी कीबलमध्ये," भाची म्हणाली.

चौकाजवळ एक चहाचं दुकान उघडं होतं. आम्ही खिडकीशी बसलो. दुकानातल्या बाईंनी माझ्या साडीचं कौतुक केलं, कुठून आलात विचारलं. पुणे हे नाव ऐकून त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी इथल्या सिस्टरांच्या तोंडी 'पूना' सारखं असायचं. किटली आली, दोन कप, दूध वेगळं. भाचीने आधी माझ्या कपात ओतला.